लूप थांबतोच, हे सिद्ध करायचे दोन मार्ग

लूप म्हणजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग. तो कधीतरी थांबतोच हे दाखवायला गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1949 मध्ये मांडलेला मार्ग मला आजही सर्वात देखणा वाटतो: प्रत्येक फेरीला घटणारी, पण अनंतकाळ घटत राहू न शकणारी एक राशी शोधा.

आता क्ष आणि य दोन्ही धन पूर्णांक असेपर्यंत चालणारा लूप घ्या. प्रत्येक फेरीत दोन फांद्यांपैकी, म्हणजे पर्यायी वाटांपैकी, एकच चालते. एका फांदीत क्ष एकाने घटतो आणि य काहीही होतो. दुसरीत फक्त य घटतो. इथे साधी संख्या पुरत नाही, (क्ष, य) ही जोडी शब्दकोशातल्या क्रमाने तोलावी लागते: आधी क्ष बघायचा, तो तोच राहिला तरच य.

दुसरा मार्ग, म्हणजे पोडेल्स्की आणि रिबालचेंको या संगणकशास्त्रज्ञांची 2004 ची पद्धत, क्रम मागतच नाही: क्ष घटला किंवा य घटला, एवढंच. मात्र हे एका फेरीपुरतं चालत नाही, कितीही सलग फेऱ्यांनंतर खरं ठरावं लागतं. ती तपासणी जड जाते. छोट्या लूपला मी पहिलाच मार्ग घेईन. फांद्या वाढल्या की बिनदिक्कत दुसरा.