स्कूटरची सवय काढून मगच चावी देणारं जेट स्की केंद्र

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाच्याला घेऊन पश्चिम उपनगरातल्या एका चौपाटीवर जेट स्कीला गेले. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान. समुद्रात मौज म्हणून यंत्र पळवायचं हे मला मुळात पटत नाही. पण नाशिकचा हा सतरा वर्षांचा पोरगा दिवाळीपासून मागे लागला होता.

पैसे घेण्याआधीच काउंटरवरच्या मुलाने वय विचारलं. "ताई, अठरा नाहीत ना? मग एकट्याला नाही देणार, मी मागे बसेन." भाच्याचं तोंड उतरलं, मला मात्र हायसं वाटलं. दोन वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर बारा वर्षांच्या पोराच्या हातात चावी दिलेली मी पाहिलीय. त्याच्या लाइफ जॅकेटची तुटलेली क्लिप सुतळीने बांधली होती.

इथे पहिली वीस मिनिटं वाळूवरच गेली. जॅकेट चढवल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून बघितलं. ते कानापर्यंत आलं, म्हणून एक नंबर लहान दिलं. मग त्या मुलाने काठीने वाळूत दोन होड्या काढल्या आणि विचारलं, "समोरासमोर आलात तर कुठे वळशील?" भाचा म्हणाला, डावीकडे. घरी ॲक्टिव्हा फिरवतो ना! समुद्रात दोघांनीही उजवीकडे वळायचं असतं. आडवी येणारी बोट आपल्या उजव्या हाताला असेल, तर वाट आपण द्यायची. जाळं टाकून बसलेल्या होडीपासून तर लांबच राहायचं. हे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. बाबांनी ते कधी वाचले नसतील, पण आयुष्यभर पाळले.

दुसरी गोष्ट माझ्यासाठीही नवी होती. जेट स्कीला स्कूटरसारखा ब्रेक नसतो आणि मागे सुकाणूचं पातंही नसतं. मागून सुटणारा पाण्याचा झोतच तिला वळवतो. म्हणजे घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडलं, तर हँडल कितीही फिरवा, ती बहुतेक सरळच जाते. नवखा माणूस आदळतो तो इथेच. म्हणून समोर काही दिसलं तर आधीच वेग कमी करायचा, आणि वळताना थोडं थ्रॉटल ठेवायचं. मनगटाला लाल दोरी बांधली, तिचं दुसरं टोक इंजिनच्या स्विचला. चालवणारा पडला की ती स्विचमधून निघते आणि इंजिन बंद होतं. माझ्या पुढच्या बाईला ओढणी काढून केस बांधायला लावले, कारण खालून पाणी खेचणारा पंखा दोरी, कापड, केस, सगळं ओढून घेतो.

१८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी टीव्ही बंद झाला नाही. त्यामुळे कुणी दहा मिनिटं जास्त घेऊन नीट समजावलं, तर मी घड्याळ बघत नाही.

पाण्यात गेल्यावर उजवीकडून एक मासेमारीची बोट परतत होती. मी काठावरून श्वास रोखून बघत होते. पोराने लांबूनच वेग उतरवला, बोट पुढे जाऊ दिली आणि तिच्या मागून वळला. तांडेलाने हात वर केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच.

आता खटकलेलं सांगते. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना लावलाय, पण काउंटरच्या मागे, अंधारात. मुदत बघायला मला आत जावं लागलं. तो दर्शनी भागात हवा. बचावाची बोट नांगरून होती आणि जवळपास पंधरा मिनिटं तिच्यात कुणीच नव्हतं, सगळे जेवायला गेलेले. हे मला अजिबात चालणार नाही आणि मी तिथेच सांगितलं. जेवायचंय तर पाळी लावा, नाहीतर तेवढा वेळ राइड बंद ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर कुठेही लिहिलेला नव्हता. लहान मुलांची जॅकेटं दोनच होती.

पंधरा मिनिटांचे बाराशे रुपये घेतले, पावती मागावी लागली. पाचपैकी साडेतीन देते. बचाव बोटीवर माणूस बसलेला दिसला की आणखी एक वाढवेन. जायचं तर पावसाळ्याआधी आणि सकाळी जा, आणि आपल्या पोराचं वय खोटं सांगू नका.