पक्षकारांशी बोलण्यासाठी सिग्नल : चार वर्षांच्या वापरानंतर

कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना पक्षकाराचे बोलणे तिसऱ्या कानावर जाऊ नये याची काळजी सतत घ्यावी लागते, म्हणून गेली चार वर्षे मी त्यांच्याशी सिग्नल या संदेश पाठवण्याच्या अॅपवरच बोलते. खास एन्क्रिप्टेड, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात पाठवणारा, फोन घ्यावा असा सल्ला मला अनेकांनी दिला, पण मी तो मानला नाही. युरोपातील गुन्हेगारी टोळ्या सहा महिन्यांसाठी सुमारे 1,500 पौंड मोजून एन्क्रोचॅटचे असेच फोन वापरत होत्या. 2020 मध्ये फ्रेंच पोलिसांनी त्यांतले संदेश वाचल्याचे उघड झाले. अॅनॉमचे फोन तर अमेरिकेची एफबीआयच चालवत होती आणि त्यांवरचा प्रत्येक संदेश तपासयंत्रणेकडे पोहोचत होता, हे जून 2021 मध्ये जगाला कळले. गुन्हेगार पकडले गेले हे योग्यच झाले. पण विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्यापलीकडे घेणाऱ्याच्या हाती काहीही नव्हते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

सिग्नलचे तसे नाही. त्याचा कोड कोणालाही तपासता येतो, ते मोफत आहे आणि ना-नफा संस्था ते चालवते. 2016 मध्ये अमेरिकेतील ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) माहिती मागवली, तेव्हा खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, एवढेच सिग्नलला देता आले, कारण बाकीचे त्यांच्याकडे नव्हतेच. वकिलाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

तरीही एका पक्षकार ताईंचे आमच्यातले सगळे बोलणे त्यांच्या पतीला कळत होते. संदेश वाटेत कोणी फोडले नव्हते. घरातल्या संगणकावर ताईंचेच खाते जोडलेले होते आणि पती रोज रात्री तिथे बसून आमचे संदेश वाचत होते. फोनमधील ‘जोडलेली उपकरणे’ ही यादी आम्ही उघडली, तेव्हा त्या संगणकाचे नाव पाहून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून पहिल्या भेटीतच मी पक्षकाराला ती यादी उघडायला लावते, स्क्रीन लॉक बदलून घेते, संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत ठरवते आणि समोरासमोर बसून सुरक्षा क्रमांकाचे, म्हणजे आमच्या संभाषणात मध्ये तिसरे कोणी नाही हे पडताळण्याच्या क्रमांकाचे, साठही आकडे, पाच-पाचांच्या बारा गटांत, आम्ही दोघी मोठ्याने वाचून जुळवतो. नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक अजूनही द्यावा लागतो, ही उणीव मला खटकते; मात्र 2024 पासून वापरकर्तानाव घेऊन तो क्रमांक समोरच्यापासून लपवता येतो, आणि माहेरी परतलेल्या पक्षकारांना मी ते आवर्जून करायला सांगते.