आत्ताच फ्लॅट घ्यायचा की भाव पडायची वाट बघायची?

मावसभाऊ पुण्यात भाड्याने राहतो, रोज विचारतो, दादा घेऊ की थांबू? घर असलेले म्हणतात भाव कधी पडत नसतात, नसलेले म्हणतात फुगा फुटणारच, म्हणजे ज्याचं जिथे अडकलंय तो तेच बोलतो.

त्याला सांगितलं, खर्चाचं बघ. 80 लाखाचा फ्लॅट, 64 लाख लोन, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं, हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. वर 7 टक्के स्टॅम्प ड्युटी (बाईच्या नावावर 1 टक्का कमी), आणि बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, कंप्लिशन सर्टिफिकेट (इमारत पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्याला तो नाही. तुझं भाडं 24 हजार. पण थांबायचं तर हप्ता आणि भाड्यातला फरक दरमहा बाजूला पडला पाहिजे, आणि तेवढी बचत तुझ्याच्याने होत नाही हे आपल्या दोघांनाही माहितीये.

भाव पडतीलच असं नाही. 2020 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी 3 टक्क्यांनी उतरवली, तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला, पण मार्च 2021 ला सवलत संपली.

कटकट? भाड्यात दर 11 महिन्यांनी नवीन करार, घरात मेंटेनन्स.

पोरं शाळेत, नोकरी पक्की, दहा वर्षं इथेच, तर घे. ट्रान्स्फरची शक्यता असेल किंवा घेतल्यावर हातात सहा महिन्यांचे हप्तेही उरत नसतील तर भाड्यानेच राहा.