एफ्टेलिंग: एकाही रोलर कोस्टरमध्ये न बसता पूर्ण दिवस

नेदरलँड्समधल्या काट्सह्यूवल गावचं एफ्टेलिंग हे थीम पार्क आता बहुतेकांना माहीत असतं ते रोलर कोस्टरमुळे. पण ज्यांना चक्कर येते, मणक्याचं दुखणं आहे, किंवा ज्यांच्यासोबत तीन वर्षांचं मूल आणि सत्तरीतल्या आजी आहेत, त्यांनी इथलं तिकीट काढावं का? जरूर काढावं. राइडमध्ये न बसणाऱ्यांसाठी वेगळं स्वस्त तिकीट नाही, आणि तरीही पैसे वसूल होतात. कारण या पार्कात गोष्टींचं जंगल आधी आलं आणि राइड मागाहून.

३१ मे १९५२ला हे जंगल उघडलं तेव्हा त्यात दहा परीकथा होत्या. चित्रं चित्रकार अँटोन पीक यांची, आणि ती हलती-बोलती करण्याचं तंत्र पेटर राइंडर्स यांचं. पहिला मोठा रोलर कोस्टर ‘पायथन’ आला १९८१मध्ये. म्हणजे जवळपास तीस वर्षं लोक इथे मुख्यतः चालायला, बघायला आणि ऐकायला येत होते. पीक यांचा आग्रह खऱ्या विटांचा, खऱ्या दगडाचा, जुनाट वाटणाऱ्या छपरांचा होता. म्हणून इथल्या झोपड्या जवळून पाहिल्या तरी पुठ्ठ्याच्या वाटत नाहीत. शेवाळ चढलं की त्या आणखी चांगल्या दिसतात.

जंगल नीट बघायला दीड ते दोन तास हवेत. सर्वसाधारण चूक अशी की लोक आधी राइडकडे धावतात आणि दुपारी बाराच्या पुढे जंगलात शिरतात. त्या वेळी वाटा बाबागाड्यांनी भरलेल्या असतात. बरीचशी दृश्यं छोट्या खिडकीतून डोकावून बघायची आहेत, त्यामुळे प्रत्येक खिडकीशी चार कुटुंबं ताटकळतात आणि मागचं मूल फक्त पाठी बघतं. गेट उघडल्याबरोबर थेट जंगलात जा, नाहीतर शेवटच्या दोन तासांत जा. लहान मुलाला खिडकीपाशी उचलून धरावं लागतं, तेव्हा पाठीवर जड सॅक नको. काही दारं बुटकी आहेत. उंच माणसांनी डोकं सांभाळावं.

काय चुकवू नये? पहिला लांगनेक, म्हणजे लांब मानेचा सेवक. त्याची मान हळूहळू वर चढत जाते आणि डोकं झाडांच्या रांगेत इकडे तिकडे बघतं. फोटो काढून लगेच पुढे सरकणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. मान पूर्ण वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं. झोपलेली राजकुमारी दुसरी. तिची छाती श्वासागणिक वरखाली होते, एवढीच हालचाल, पण मुलं तिथे आपोआप कुजबुजत बोलायला लागतात. चौकात लाल बूट कुणाच्याही पायाविना फरशीवर नाचतात. वाटेकडेच्या अळंब्यांतून संगीत येतं. ते नीट ऐकायला कान अळंबीजवळ न्या. बोलका पोपट आपण बोललेलं परत म्हणून दाखवतो. त्याच्याशी जवळ जाऊन, मोठ्याने आणि एकच छोटं वाक्य बोला. मराठीत बोललात तर तोही मराठीतच बोलतो.

दोन दृश्यं भारताच्या नावाची किंवा वळणाची आहेत. १९५८चा उडता फकीर बासरी वाजवतो, ट्यूलिप फुलतात आणि मग तो गालिच्यावर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्या मनोऱ्यात जातो. गालिचा उडण्याआधीच निघून जाणारे खूप असतात, तेव्हा बासरी थांबली म्हणजे दृश्य संपलं असं समजू नका. १९६६ची ‘भारतीय कमळं’ ही कथा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली. अंधाऱ्या दालनात कमळं उघडतात, पऱ्या नाचतात, बेडूक वाद्यं वाजवतात. यातला भारत युरोपियन कल्पनेतला आहे, आपल्या ओळखीचं त्यात फारसं काही सापडणार नाही. पण पाणी, उजेड आणि यंत्रं यांचा मेळ मात्र अजूनही अव्वल आहे. चालू खेळात मध्येच शिरू नका. लोक बाहेर पडू लागले की आत जा, म्हणजे पुढे जागा मिळते आणि सुरुवातही चुकत नाही.

काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीचं घर २००४चं. ते अंधारं आहे आणि शेवट मृत्यूचाच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला आधी कथा सांगून ठेवा, किंवा ते घर सरळ वगळा.

उणीव एकच मोठी: बोलणं बहुतेक डचमध्ये आहे. ग्रिम आणि अँडरसन यांच्या सात-आठ कथा आदल्या रात्री मुलांना सांगून ठेवल्या तर अडत नाही. न सांगता गेलात, तर निम्म्या ठिकाणी ‘ही कोण?’ याचं उत्तर देण्यातच वेळ जातो.

कचऱ्याच्या डब्यांसाठी तर या पार्काला पैकीच्या पैकी गुण. १९५९पासून इथे होले बोले खाइस नावाचा जाडा खादाड तोंड उघडून ‘कागद इकडे’ असं डचमध्ये ओरडतो आहे. हात तोंडाजवळ नेला की हवा कागद आत ओढून घेते आणि तो आभार मानतो. मुलं इतरांनी टाकलेले कागदही शोधून आणतात. फक्त कोरडा कागद द्या. उरलेलं खाणं आणि बाटल्या साध्या डब्यात टाका.

जंगलाबाहेर लाफ या काल्पनिक बुटक्या लोकांचं १९९०चं गाव आहे. तिथल्या वाकड्यातिकड्या घरांत शिरता येतं. पाऊस आला तर १९७१चं डायोरामा, म्हणजे छोट्या प्रतिकृतींचं दालन गाठा: डोंगर, गावं, छोट्या आगगाड्या, सगळं छपराखाली. वाफेची आगगाडी चालून थकलेल्यांसाठी चांगली, पण ती पाहण्यासाठी म्हणून रांग लावण्याइतकी खास नाही.

राव्हेलाइन हा घोडे, शिकारी पक्षी आणि पाच डोक्यांचा ड्रॅगन असलेला खेळ २०११पासून चालू आहे. भाषा कळली नाही तरी चालतं, घोडेस्वारीच पुरेशी आहे. वेळा रोज बदलतात, त्या सकाळीच ॲपवर बघून ठेवा आणि वीस मिनिटं आधी पोचा. आवाज आणि ज्वाळा अचानक येतात. मोठ्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलांना घेऊन मागच्या रांगेत, वाटेच्या कडेला बसा.

दिवसाचा शेवट अक्वानुरा या २०१२मध्ये सुरू झालेल्या कारंज्यांच्या खेळाने होतो. सुमारे बारा मिनिटं चालतो. तळ्याच्या काठावर उभं राहताना वारा पाठीवर येईल अशी बाजू निवडा. वारा तोंडावर आला तर सगळे तुषार अंगावर येतात, आणि डच संध्याकाळी ओल्या कपड्यांनी बसची वाट बघणं नको होतं. अंधार पडल्यावरचा खेळ दिवसाउजेडीच्या खेळापेक्षा कितीतरी सरस, म्हणून उन्हाळ्यापेक्षा शरदातली तारीख घ्या.

पार्क वर्षभर खुला असतो. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो आणि चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खाणं ठीकठाक आहे, डबा न्यायला मुभा आहे, तेव्हा न्याच. रेल्वेने टिलबर्ग किंवा डेन बॉशला उतरून बस मिळते. खेळ संपल्यावर सगळी गर्दी एकदम बाहेर पडते. पहिली बस पकडायची असेल तर खेळ संपण्याआधी दोन मिनिटं निघा, नाहीतर अर्धा तास निवांत आतच बसा.