मटेरियल डेट पिकर: एक अख्खी लग्नसराई वापरल्यानंतर

आमचं अ‍ॅप मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू झाली, त्याच सुमारास अँड्रॉइडमधली तारीख निवडायची जुनी खिडकी, डेटपिकरडायलॉग, काढून गुगलच्या मटेरियल कंपोनंट्स या तयार घटकांच्या संचातला मटेरियलडेटपिकर बसवला. आता पावसाळा तोंडावर आलाय. एवढ्या वापरानंतर माझं मत असं: बुकिंगसाठी झकास, जन्मतारखेसाठी डोक्याला ताप, आणि टाइमझोन समजून न घेता हात लावाल तर तारखा घसरणारच.

बसवायला वेळ लागत नाही. अ‍ॅपची थीम तेवढी मटेरियलची हवी, नाहीतर उघडताक्षणी क्रॅश. रंग थीममधूनच येतात, त्यामुळे डिझायनर खूश.

खरी गोम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे. हा पिकर तारीख म्हणून जे मिलिसेकंद घेतो-देतो ते यूटीसीतल्या मध्यरात्रीचे. समजा 14 मार्च आधीच निवडलेली दाखवायचीय आणि तुम्ही फोनच्या वेळेनुसार 14 तारखेची मध्यरात्र काढून सेटसिलेक्शनला (आधीची निवड ठरवणाऱ्या फंक्शनला) दिलीत. यूटीसीत तेव्हा 13 तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणून निवडीचा गोल पडतो 13वर. उलट दिशेला मात्र सगळं आलबेल वाटतं. पिकरने दिलेली वेळ भारतातल्या फोनवर पहाटे साडेपाचची येते, तारीख तीच राहते, टेस्टिंगमध्ये कुणाला काही खटकत नाही. न्यू जर्सीतला भाऊ बहिणीच्या लग्नासाठी हॉल बघायला बसला की त्याला एक दिवस आधीची तारीख दिसते! म्हणून पिकरकडून आलेला आकडा यूटीसीतच लोकलडेटमध्ये (टाइमझोन नसलेल्या नुसत्या तारखेत) बदलायचा आणि पुढे सगळीकडे लोकलडेटच वापरायची. लग्नाच्या तारखेला टाइमझोन हवाय कशाला?

आदल्या दिवशी हळद आणि सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी लग्न, असा आपल्याकडचा प्रकार. त्यामुळे सुरुवात-शेवट दोन्ही तारखा घेणारा रेंज पिकर फार सोयीचा ठरला. बुक झालेल्या तारखा स्वतःचा व्हॅलिडेटर, म्हणजे तारीख चालेल की नाही ते ठरवणारा कोड, लिहून फिकट करता येतात. कॅलेंडरच्या मर्यादा ठरवणाऱ्या कॅलेंडरकन्स्ट्रेंट्समधले स्टार्ट आणि एंड मात्र फक्त महिने आवळतात. चालू महिन्यातल्या उलटून गेलेल्या तारखा बंद करायला डेटव्हॅलिडेटरपॉइंटफॉरवर्ड हा तयार व्हॅलिडेटर लागतोच. आणि व्हॅलिडेटर एकेक तारीख तपासतो, पूर्ण रेंज नाही. 10 ते 12 निवडताना मधली 11 दुसऱ्याच्या नावावर असली तरी हा पठ्ठ्या निमूट होकार देतो. ती तपासणी आपणच लिहायची.

फोन आडवा केला तर पिकर टिकतो, पण त्याचे लिसनर, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारा कोड, जातात. ‘ओके’ दाबलं तरी काहीच होत नाही. टॅगवरून (दाखवताना दिलेल्या नावावरून) तो फ्रॅगमेंट, म्हणजे पिकरच, शोधून लिसनर पुन्हा जोडावा लागतो.

मराठीत तो देखणा दिसतो. महिन्यांची नावं मराठी, आकडे देवनागरी, वारांची आद्याक्षरंही आपली. फक्त हीच तारीख डीफॉल्ट लोकेलने (फोनच्या भाषेच्या सेटिंगने) फॉरमॅट करून सर्व्हरला पाठवाल तर तिकडे ‘२०२५-०३-१४’ जातं आणि सर्व्हर हात वर करतो. तिथे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल.रूट द्या.

कार्यालयांचे व्यवस्थापक बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यांची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयला सरावलेली, तिथे वार उभे खाली उतरतात. इथे ते आडवे, म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली. मुहूर्ताच्या तारखांखाली डेव्ह्यूडेकोरेटरने (दिवसाची चौकट सजवणाऱ्या सोयीने) ठिपका टाकला, तो मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आवडला.

जन्मतारखेचं प्रकरण वेगळं. मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण आहेत ना, हे बघायला ती लागते. पिकर उघडतो चालू महिन्यावर. महिन्या-वर्षावर टॅप केलं की वर्षांची यादी येते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. लोक बिचारे एकेक महिना मागे सरकवत बसतात. पेन्सिलच्या खुणेवर टॅप करून तारीख टाइप करता येते, तीही खूण कुणाला दिसत नाही. आता त्या रकान्यात पिकर थेट टाइप करायच्या मोडमध्येच उघडतो. तक्रारी जवळपास थांबल्या.

तिथी दाखवा ही मागणी अजून येते. त्या इवल्या चौकटीत तिथी लिहायची सोय नाही आणि त्यासाठी दुसरं कॅलेंडर आणायची माझी तयारी नाही. तारीख निवडली की खाली वेगळ्या ओळीत तिथी देतो. व्यवस्थापकांना तेवढं पुरतं, यजमानांना नाही.