टीईटीचं सराव ॲप: 599 रुपयांत सगळं आहे, फक्त गोल नाहीत

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, 23 नोव्हेंबर 2025 ला झाली. अंतरिम उत्तरसूची लावून बघून झाली. ॲप उघडणंही बंद झालं होतं. आणि डिसेंबरात बँकेचा मेसेज: 599 रुपये वजा. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे परस्पर गेले. घेताना ऑटोपेवर टिक केलेली आयतीच होती, ती तशीच राहिली. नियमाप्रमाणे चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते, तीही आली होती म्हणे. पण त्या आठवड्यात निवडणूक ड्युटीचे, प्रशिक्षणाचे आणि शाळेच्या ग्रुपचे मेसेज एवढे पडत होते की त्यात ही सूचना कुणाला दिसणार!

ॲपचं नाव लिहीत नाही. टीईटी देणाऱ्या प्रत्येकाच्या फोनात यातलं एखादं असतंच आणि सगळ्यांची घडण थोड्याफार फरकाने एकच.

मी सोलापुरात अनुदानित प्राथमिक शाळेत पाचवीचा वर्ग घेते. सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आता शिक्षकांना पाठच झालाय: सेवेची पाच वर्षांहून जास्त बाकी असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. आमच्याकडचे एक सर निवृत्तीला आलेले. "सुटलो की ओ बाई! बढती नको, परीक्षा नको," म्हणत त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. बाकीच्यांनी चहा पिता पिता ॲप शोधायला घेतली.

ॲपमध्ये काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पेपर एकचे पाच भाग, प्रत्येकी 30 प्रश्न, वेळ दीडशे मिनिटं, सराव पेपर, व्हिडिओ, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका. त्यावर लिहीत बसत नाही. मला लिहायचंय गोलांवर.

टीईटी कागदावर होते. काळं बॉलपेन, यंत्राने तपासायची ओएमआर उत्तरपत्रिका, काळे करायचे दीडशे गोल. ॲपमध्ये बोट लावलं की उत्तर गेलं. चुकलं तर दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवा, झालं. कागदावर गोल एकदा काळा केला की केला. एक गोल नीट भरायला चार सेकंद धरा. दीडशे गोलांना दहा मिनिटं झाली. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट हा ॲपचा हिशोब मुळातच खोटा. हातात एकशेचाळीस मिनिटंच येतात, आणि त्यातही भाषेचे उतारे दोनदा वाचावे लागतात. शिवाय रांग चुकण्याची भीती. 47 वा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला आणि 48 चं उत्तर 47 च्या गोलात गेलं, तर पुढचं सगळं एका घराने सरकतं. कळतं तेव्हा तुम्ही साठाव्या प्रश्नावर असता आणि तळहाताला घाम फुटलेला असतो. परीक्षेचा ताण म्हणतात तो मला तरी बालमानसशास्त्रातल्या पियाजेमुळे आला नाही, या गोलांमुळे आला.

यावर ॲपकडे काय आहे? 'ताणमुक्ती' नावाचं बटण. दाबलं की बासरी आणि "दीर्घ श्वास घ्या". बासरीच्या आधी कर्जाची जाहिरात. पैसे भरलेल्यांनाही. कोपऱ्यात घड्याळ, शेवटची दहा मिनिटं उरली की लाल होऊन लुकलुकणारं. रात्री पावणेअकराला सूचना: "तुमचा क्रमांक घसरला!" डीएड करून नुकती बाहेर पडलेली पोरं अर्ध्या तासात पेपर संपवतात, त्यांच्या यादीत माझा क्रमांक घसरणार नाही तर काय होणार? सूचना फोनच्या सेटिंगमधून बंद केल्या. घड्याळ बंद करायची सोय नाही, म्हणून स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर टिकली लावली. मरून रंगाची, मोठी. परीक्षेपर्यंत तिथेच होती.

गोलांचं औषध शाळेच्या कपाटात निघालं. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा वर्ग मीच घेत होते. तीही परीक्षा घेणारी तीच पुण्याची राज्य परीक्षा परिषद, तेच चार पर्याय, तेच गोल. सरावाच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. एका कागदावर 75 प्रश्न, दोन कागद जोडले की टीईटी. संपल्यावर झेरॉक्स मारल्या. प्रश्न ॲपवर वाचायचा, उत्तर कागदावर काळं करायचं, तेही रविवारी सकाळी रिकाम्या वर्गात, पोरांच्याच बाकावर बसून. गुडघे वर येतात, पण केंद्रावर काय सोफा मिळणारे? शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावल्या. "बाई, गोल भरताय का रांगोळी घालताय?" दुसऱ्या रविवारी त्याही दोन कागद मागायला आल्या. त्यांना तेलुगू माध्यमातल्या मैत्रिणीसाठीपण हवे होते. पोरांना दरवर्षी सांगते तो नियम स्वतःला लावला: प्रश्न सोडला तर बोट त्याच्या रांगेवर, पेन पुढच्या रांगेवर.

आता ॲपच्या बाजूने. हे लिहायच्या आधी मनात पाचपैकी एक तारा पक्का होता. खात्री करायला म्हणून पुन्हा उघडलं (पैसे गेलेच आहेत तर निदान वसूल तरी करू) आणि बालमानसशास्त्राचा भाग परत वाचला. तो चांगलाय. बरोबर उत्तरापेक्षा बाकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे दोन-तीन ओळींत सांगितलेलं असतं, आणि जुन्या शिक्षकाची विकेट नेमकी तिथेच जाते. 'मूल वर्गात सतत प्रश्न विचारतं, तुम्ही काय कराल?' आपण काय करतो ते आपल्याला चांगलं माहितीय. पेपरला ते उत्तर चालत नाही. वीस वर्षांच्या सवयीने हात ज्या पर्यायाकडे जातो, तो आधी बाजूला काढायला या स्पष्टीकरणांनी शिकवलं.

भांडण झालं तेही याच भागावरून. प्रश्न असा: वाटीतलं पाणी उभ्या ग्लासात ओतल्यावर मूल म्हणतं, जास्त झालं, पियाजेची कोणती अवस्था? उत्तर पूर्व-क्रियात्मक, दोन ते सात वर्षं. ॲपने त्यापुढची, मूर्त क्रियात्मक अवस्था धरली आणि माझा गुण गेला. खालच्या स्पष्टीकरणात मात्र बरोबर लिहिलेलं! तक्रार केली. उत्तर आलं, "आमच्या तज्ज्ञांनी तपासले, उत्तर योग्य आहे." म्हणून घरी बालवाडीतल्या भाच्यासमोर वाटी आणि ग्लास मांडला. त्याने दोन्हीकडे बघितलं, ग्लासाला बोट लावलं, "यात जास्त." परत वाटीत ओतलं, तर म्हणाला, "आता कमी झालं." आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून पियाजेचं पाणी परत कळशीत ओतलं. पुढे कधीतरी त्यांनी उत्तर गुपचूप दुरुस्त केलं. दिलगिरीची ओळ नाही.

गणित आणि परिसर अभ्यास ठीक. आपण रोज शिकवतो तेच आहे. इंग्रजीचे व्हिडिओ फार लांबड लावतात.

599 चं काय झालं? मदत केंद्राला फोन केला. पाऊण तास संगीत ऐकून कळलं की पैसे परत मिळणार नाहीत, त्याऐवजी तेवढेच 'कॉइन' मिळतील. कॉइन कुठे चालतात? नवीन कोर्सला. टीईटीचा कोर्स तर खात्यात आधीच सुरू. उरला कोणता? पोलीस भरती. सोळाशे मीटर धावण्याचं वेळापत्रक त्यात समाविष्ट आहे, असं त्या मुलीने आवर्जून सांगितलं. "ताई, मी सेहेचाळीस वर्षांची आहे," म्हटलं, तर म्हणाली, "मॅम, कॉइन ट्रान्सफर होत नाहीत." तुम्ही असं काही घेतलं असेल तर ज्या यूपीआय ॲपने पैसे भरले त्यात ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी आजच रद्द करा. नुसतं ॲप फोनमधून काढल्याने ती रद्द होत नाही.

बाकी ताणाबद्दल एवढंच, कारण सगळे तेच विचारतात. खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 लागतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे साठ प्रश्न चुकले तरी पास, आणि येत नसला तरी एकही गोल रिकामा ठेवायचं कारण नाही. ॲप हे कुठेच ठळक सांगत नाही. सांगितलं तर क्रमांक घसरल्याची भीती कुणाला दाखवणार? मी पेपरला बसताना प्रश्नपुस्तिकेच्या कोपऱ्यात बारीक '60' लिहिलं आणि एखादा प्रश्न अडला की त्यातून मनातल्या मनात एक वजा करत गेले. अंतरिम उत्तरसूचीने माझे 97 होतायत. अंतिम सूचीत एखाद-दुसरा इकडेतिकडे होईल.

तारे: तीन. बालमानसशास्त्रासाठी घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या, स्क्रीनवर टिकली लावा. गोलांचे कागद शिष्यवृत्तीचा वर्ग घेणाऱ्या जवळच्या कुठल्याही बाईंकडे मागा, फुकट देतील.