पफ पॅनल सांगून थर्माकोल बसवून गेला

आमचं घर अकोल्यात. घरामागे टिनाची एक खोली आहे, आधी तिथं सायकली, कूलर आणि अडगळ असायची, लॉकडाऊननंतर मी तिथं माझं शिवणकाम हलवलं. अकोल्याचा उन्हाळा माहीतच असेल, मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला की त्या खोलीत दुपारी बाराला मशीनच्या लोखंडाला हात लावता येत नाही, आणि लग्नसराईची कामं तर नेमकी तेव्हाच असतात. म्हणून यंदा ठरवलं की छत बदलायचं, बारमाही बसता यावं असं करायचं.

ओळखीतून एक फॅब्रिकेटर आला. त्याने सँपल दाखवलं, दोन्हीकडून रंगीत पत्रा आणि मधे पिवळसर कडक फोम, म्हणजे पफ (पॉलीयुरेथेन फोम). लायटर लावून दाखवला, फोम काळा पडला पण वितळून गळला नाही. मी इस्त्रीवाली बाई, आगीची भीती आधी, तिथंच मी भाळले. 200 रुपये स्क्वेअर फूट, 238 फूट, म्हणजे 47,600. बिल मागितलं तर म्हणे ताई, पक्कं बिल घ्याल तर 18 टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच. व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवलं त्यात फक्त "इन्सुलेटेड पॅनल 50 एमएम" एवढंच. आतला फोम कोणता, त्याची डेन्सिटी किती, पत्रा किती जाडीचा, काही नाही. मला तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

माल आला तो चारही कडांना पत्र्याची पट्टी मारूनच. मी म्हटलं काय सफाईदार काम आहे! आतलं दिसू नये म्हणून ती पट्टी होती हे नंतर कळलं.

खरं सांगायचं तर थोडा फरक पडला, थर्माकोल काय अगदीच बिनकामाचा नसतो. पण दोनच्या पुढे खोली परत तापायचीच. जूनमध्ये एक्झॉस्टची वायर बाहेर काढायला भाच्याने छताला ड्रिल मारलं आणि साबुदाण्यासारखे पांढरे दाणे भुरभुर अंगावर. मी विचारलं हे काय रे, तो म्हणे मावशी, टीव्हीच्या खोक्यात असतो ना तो थर्माकोल. लायटर लावला तर लगेच आकसून वितळला, आणि त्याच्याखाली मी रोज प्रेस करत होते!

मग पट्टी काढून टेपने मोजलं. पन्हाळीच्या उंचवट्यावर 50 एमएम भरतं, मधल्या सपाट भागात जेमतेम 30. पॅनलची जाडी सपाट भागावर धरतात, आणि छताचा बराचसा भाग सपाटच. छपरीसाठी कापून उरलेल्या तुकड्यातून एक फूट बाय एक फूट कापून भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला, 480 ग्रॅम. अर्धा एमएमचे दोन पत्रे आणि मधे 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो) पफ असेल तर तेवढा तुकडा 900 ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे, हे गणित भाच्याने करून दाखवलं. म्हणजे पत्राही 0.3 एमएमच्या घरातला. छत चढवायच्या आधी एक तुकडा कापून जोखा हो, पाच मिनिटांचं काम आहे, मी नाही केलं.

भिंतींचं वेगळंच. चांदीसारखी बबल शीट त्याने डबल टेपने टिनाला चिकटवून टाकली. ती चकाकणारी बाजू उष्णता परतवते, पण त्यासाठी तिच्यापुढे इंचभर तरी मोकळी हवा लागते, आधी पट्ट्या ठोकून त्यावर लावायची असते. पहिल्याच पावसात ओल धरली आणि पश्चिमेकडची अख्खी शीट खाली.

फोन केला तर आधी "येतो ताई", मग "पफ अन् थर्माकोल एकच असते", मग फोन बंद. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पण ते तडजोड करून बघतात, सक्ती करता येत नाही त्यांना. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. 5 लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, 2 वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसलं तरी सँपलसोबत त्याने पाठवलेले मेसेज आहेत, त्यात "पफ" शब्द दोनदा आहे, आणि 30,000 मी ऑनलाइन पाठवले होते त्याची नोंद आहे. बाकीचे 17,600 रोख दिले, त्याचा पुरावा शून्य.

तो 480 ग्रॅमचा तुकडा पिशवीत घालून मशीनच्या टेबलाखाली ठेवलाय. तारीख लागली की घेऊन जायचाय.